दीड सीसी

मागाचा खड्डा होता तिथं आता फळ्या आहेत,
फळ्यांवर लेथ.
मंगळवार बाजारातून हातगाडीवर आली,
दोन हमाल ढकलत, हे पुढं चालत, उगाच गंभीर.

तिच्यावर इंजिन करतात.
डिझेलचं. खरंखुरं. मुठीत मावणारं.
क्रँककेस भंगारातले पिस्टन वितळवून ओतलेली, माझ्या शेगडीवर
(ती शेगडी परत स्वयंपाकाला आली नाही),
दांडा मागाच्या जुन्या शाफ्टचा,
पंखा धोट्याच्या लाकडातून कोरलेला.
चाळीस वर्षं डावीकडून उजवीकडं पळालेलं लाकूड,
त्याला आता गोल फिरायला शिकवायचं.

शेजारच्या इरण्णानं विचारलं, पाणी खेचतं का?
नाही.
मिरची कांडतं?
नाही.
मग करतं काय?
चालतं, हे म्हणाले. चाललं तर.

तोवर पाच पिस्टन झाले होते.
पहिला सैल.
दुसरा अडकला, काढताना लायनर चिरला.
तिसरा बरा वाटला, तो वाईट आहे हे उशिरा कळलं.
चौथ्या-पाचव्याचं मला सांगितलं नाही.

सहावा घेऊन आले तेव्हा दुपार होती, चव्वेचाळीस डिग्री,
वरचा पत्रा तडतडत होता, मी पानं कापत होते.
मायक्रोमीटर दमला, म्हणाले.
तुझा अंगठा काय म्हणतो बघ.

बत्तीस वर्षं, दिवसाला हजार बिड्या.
पान किती ओलं, तंबाखू कुठं दाटली, कुठं पोकळ राहिली,
हे अंगठा मला विचारत नाही.
तेलाचा थेंब लावून पिस्टन आत सोडला.
खाली लोण्यासारखा गेला.
वर जरा आवळत जायला हवा, सगळ्या बाजूंनी सारखा,
तसा गेलाही,
पण एका जागी, डाव्या अंगाला,
नको म्हणाला.
इथं, मी म्हटलं.
ह्यांनी तिथं पेन्सिलीनं खूण केली
आणि रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

रॉकेल, एरंडेल, इथर.
भाचा श्रीहरी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे,
बाटली कुठून आणली हे त्याला विचारायचं नाही.
झाकण सैल राहिलं की इथर उडून जातं,
जाताना सांगत नाही.
वास आला की मला सिव्हिल आठवतं,
गार टेबल, तळपाय उघडे,
मोजा म्हणणारी नर्स.
सातपर्यंत मोजले होते.

ह्यात ठिणगी नाही, हे समजावत होते.
प्लग नाही, वायर नाही.
नुसतं दाबायचं.
इतकं दाबायचं की आपसूक पेट घेतं.
मी म्हटलं, हे तुम्ही मला सांगताय?

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं, रात्री अडीचला.
अख्खी गल्ली जागी. पाइप, हंडे,
तेलुगू आणि कन्नड एकाच वेळी भांडत.
हे कट्ट्यावर, इंजिन पाटाला ठोकलेलं,
पंख्यानं बोट फोडलेलं, त्याला माझ्याच साडीची चिंधी.
वरचा स्क्रू पाव आटा पिळायचे, पंख्याला टिचकी.
फट्.
परत पाव आटा.
फट्. आणि थुंकल्यासारखा एक पांढरा धूर.

मी नळी ड्रमात सोडली, हात पदराला पुसले.
सरका.
बिडीचं तोंड मोडते तसं,
नखानं, एका झटक्यात

आणि नवं कापड फाडावं तसा आवाज,
फाटतच राहिला,
ताग्यामागून तागा.
पंखा दिसेनासा झाला.
धोट्याच्या जागी नुसता वारा, माझ्या मनगटावर.
इरण्णा हंडा धरून उभा, हंडा वाहतोय,
त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

अकरा सेकंद, असं हे म्हणतात.
मी सातच्या पुढं मोजलं नाही,
आमचाही ड्रम भरून वाहत होता.